‘त्साराअत’ म्हणजे महारोग नव्हे : तोरातल्या एका शब्दाचा प्रवास



तझ्रिया आणि मेत्सोरा या दोन पाराशा पेसाहच्या आसपास वाचल्या जातात. साध्या वर्षी दोन्ही एकाच शब्बाथला, अधिक महिन्याच्या वर्षी वेगवेगळ्या. वायिक्रा म्हणजे लेवीयचे अध्याय 12 ते 15. बाळंतीण, चट्टे, पांढरे केस, कोहेनची तपासणी असा सगळा विषय असल्यामुळे लोक जरा कंटाळतात. हिब्रू चांगलं येणारे वाचून मोकळे होतात. आपण बाकीचे घरी मराठी पवित्र शास्त्र उघडून अर्थ बघतो आणि तिथे शब्द सापडतो ‘महारोग’. त्या एका शब्दाविषयी हा लेख आहे.

मी 1972 साली नर्सिंगचा डिप्लोमा घेतला आणि मुंबईत नोकरी केली. त्यातली बरीच वर्षं त्वचारोगाच्या बाह्यरुग्ण विभागात गेली. आता मुलाकडे जपानमध्ये, टोकियोच्या एदोगावा भागात राहते. मी काही हिब्रूची पंडित नाही. पण चट्टे मी हजारोंनी पाहिले आहेत, आणि लेवीयच्या तेराव्या अध्यायात चट्ट्यांचंच वर्णन आहे, म्हणून लिहायचं धाडस करते.

लिहायला कारणही तसंच आहे. आपल्या समाजातल्या, माझ्या ओळखीच्या एक बाई होत्या. त्यांना सोरायसिस होता. कोपरांवर, गुडघ्यांवर, डोक्यात जाड पांढरे पापुद्रे निघायचे. हा आजार लागट नाही. औषधाने कमी होतो, पुन्हा वर येतो. या बाई दरवर्षी ह्या दोन पाराशांच्या शब्बाथला मशिदीत येत नसत. कोणी विचारलं तर गुडघ्याचं निमित्त. शेवटी एकदा मला म्हणाल्या, “सिस्टर, सगळ्यांसमोर माझंच वाचतात ना ते.” त्यांच्या सुनेनं मराठी शास्त्रातला तो अध्याय वाचला होता आणि घरात त्यांचं ताट वेगळं झालं होतं. चांगली शिकलेली सून होती. पुस्तकात छापलंय म्हणजे खरं, एवढाच तिचा हिशेब.

आपल्याच घरातले शब्द

शब्दाचा अर्थ सरकतो म्हणजे काय, हे समजायला लांब जायला नको. आत्ताच मी ‘मशीद’ लिहिलं. आपल्या जुन्या लोकांच्या तोंडी सिनेगॉगला मशीदच म्हणत. शमुवेल एझेकिएल दिवेकर यांनी 1796 साली मुंबईत बांधलेली शाआर हाराहामीम ही ‘जुनी मशीद’, आणि मशीद बंदर स्टेशनाचं नाव तिच्यावरून पडलं असं आपल्यात सांगतात. माझी आजी “मशिदीत जाऊन येते” म्हणायची तेव्हा कोणालाच शंका येत नसे. आज माझ्या नातवाला ते वाक्य सांगितलं तर तो बुचकळ्यात पडतो. तसंच ‘रोजा’. तिशा बेआवला आपण बिरड्याचा रोजा म्हणतो, एलूलच्या उपासांना जुनी माणसं रमजान म्हणत, किप्पूरला दारफाळणीचा सण. हाइम शमुवेल केहिमकरांनी आपल्या इतिहासात ही नावं नोंदवून ठेवली म्हणून बरं. नाहीतर शंभर वर्षांनी कोणी जुनं पत्र वाचून म्हटलं असतं की हे लोक मुसलमान होते.

‘पवित्र शास्त्र’ हेच नाव घ्या. शास्त्र म्हणजे पूर्वी धर्माचा ग्रंथ. माझ्या नातवाच्या मराठीत शास्त्र म्हणजे सायन्स. त्याने मला विचारलं, “आजी, यात प्रयोग असतात का?”

हिब्रूतही हेच झालं आहे. किप्पूरच्या दिवशी मिनहाच्या वेळी योनाचं पुस्तक वाचतात. समुद्रात बुडणारा योना म्हणतो की पाणी ‘नेफेश’पर्यंत आलं. नेफेश म्हणजे आत्मा, असं आपण लहानपणी शिकलो. पण आत्म्यापर्यंत पाणी कसं येईल? नेफेशचा एक जुना अर्थ गळा, घसा, जिथून श्वास जातो ती जागा. गळ्याशी पाणी आलं की माणसाला काय होतं ते नर्सला सांगायला नको. शावुओथच्या हफ्तारात येहेज्केलला ‘हश्माल’ दिसतो, म्हणजे काहीतरी पिवळसर लखलखणारं. आजच्या इस्राएलमध्ये हश्माल म्हणजे वीज, कारण एकोणिसाव्या शतकात विजेला नाव हवं होतं आणि ते तिथून उचललं. तिथल्या पोराला वाटेल की संदेष्ट्याला विजेचा दिवा दिसला. यिर्मयाच्या पुस्तकात देव माणसाचं हृदय आणि ‘केलायोत’ पारखतो. केलायोत म्हणजे मूत्रपिंडं! त्या काळी मनातल्या खोल गोष्टी तिथे असतात असं मानत. मराठीत त्याचं ‘अंतर्याम’ केलं आहे आणि ते बरोबरच आहे. शाआर हाराहामीम या नावातलं ‘राहामीम’ म्हणजे दया, तेही ‘रेहेम’ म्हणजे गर्भाशय या शब्दाच्या नात्यातलं.

असे अर्थ सरकले तरी कोणाचं नुकसान होत नाही. फार तर हसू येतं. त्साराअतचं तसं नाही.

तोरात नेमकं काय लिहिलं आहे

आधी उच्चार. पहिलं अक्षर त्सादे. आपल्या मराठी ‘चोर’मधला च जसा दाताला जीभ लावून निघतो तसा. त्साराअत ज्याला झाला तो मेत्सोरा, त्यावरूनच पाराशेचं नाव.

तेरावा अध्याय मी नर्सच्या डोळ्यांनी वाचला. कातडीवर सूज, खपली किंवा तकतकीत डाग असेल तर माणसाला कोहेनकडे न्यायचं. डागातला केस पांढरा झाला आहे का, डाग कातडीच्या खाली गेल्यासारखा दिसतो का, ते तो बघतो. खात्री नसेल तर सात दिवस वेगळं ठेवायचं, मग पुन्हा सात दिवस. पसरला तर अशुद्ध, थांबला तर शुद्ध.

आता कुष्ठरोग कसा असतो ते सांगते. हा मायकोबॅक्टेरियम लेप्री नावाच्या जंतूमुळे होतो. नॉर्वेच्या हॅन्सन या डॉक्टरांनी 1873 साली तो शोधला. जंतू शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षं जातात, कधी वीससुद्धा. चट्टा फिकट किंवा लालसर असतो, बर्फासारखा पांढरा नसतो. त्यातले केस झडतात, पिकत नाहीत. आणि मुख्य खूण म्हणजे चट्ट्याला संवेदना नसते. टाचणी टोचली तरी कळत नाही. पुढे नसा जाड होतात, बोटं वाकतात, पावलाला जखमा होतात, भुवया जातात. लेवीयच्या संपूर्ण अध्यायात बधिरपणाचा एक शब्द नाही, वाकड्या बोटांचा नाही, चेहऱ्याचा नाही. इतक्या बारकाईने केसाचा रंग बघणारा कोहेन वाकडी बोटं बघायला विसरला असेल? आणि चौदा दिवसांत कुष्ठाच्या चट्ट्यात काहीही फरक दिसत नाही. आम्ही सहा महिन्यांनी तपासायचो.

आणखी पुढे वाचा. चट्टा जर डोक्यापासून पायापर्यंत सगळ्या अंगावर पसरला आणि माणूस पूर्ण पांढरा झाला, तर कोहेन त्याला शुद्ध ठरवतो! फिकट पांढरे ठिपके, ज्यांना तिथे ‘बोहाक’ म्हटलं आहे, तेही शुद्ध. टक्कल पडलेला शुद्ध. मग त्साराअत कापडाला होतो, चामड्याला होतो, आणि चौदाव्या अध्यायात घराच्या भिंतीला होतो, हिरवट नाहीतर तांबूस. कोकणात पावसाळ्यात ज्यांनी घर सांभाळलं आहे त्यांना हे ओळखीचं वाटेल. भिंतीला कुष्ठरोग होत नाही. तिला बुरशी येते.

याच ठिकाणी मला फार आवडणारी एक गोष्ट आहे. कोहेन घर बघायला येण्याआधी घरातलं सामान बाहेर काढायला सांगितलं आहे, म्हणजे ते अशुद्ध ठरू नये. डाग भिंतीवर आहेच, पण कोहेनने उच्चारेपर्यंत काही अशुद्ध नाही. म्हणजे हे आजाराचं निदान नव्हे, हा धर्मातला एक दर्जा आहे. ‘तामे’ या शब्दाचं मराठी आपण अशुद्ध किंवा विटाळ करतो आणि विटाळाबरोबर आपल्याकडच्या शिवाशिवीच्या सगळ्या आठवणी येऊन चिकटतात. पण बाळंतीणही तामे, घरच्या मयताला हात लावणाराही तामे. त्यात पाप नाही, घाण नाही. ठरावीक दिवस गेले, विधी झाला, की संपलं.

राम्बाम यांनी, म्हणजे मोशे बेन मैमोन यांनी, बाराव्या शतकातच हे स्पष्ट लिहिलं आहे. ते स्वतः वैद्य होते. मिश्ने तोरामध्ये ते सांगतात की त्साराअत हे एकमेकांसारख्या नसलेल्या अनेक गोष्टींना दिलेलं सामाईक नाव आहे. कातडीचं पांढरं होणं, केस गळणं, कापडाचा, घराचा रंग बदलणं. आणि हा नेहमीचा आजार नसून दुष्ट बोलण्याबद्दलची खूण आहे, असं त्यांचं मत. तालमूदमध्येही मेत्सोराचा संबंध निंदानालस्तीशी जोडला आहे, मिर्यामची गोष्ट आठवून. म्हणजे आपल्या परंपरेत या पाराशेचा धडा जिभेबद्दल आहे. त्या सुनेनं त्याचा उपयोग काय केला बघा.

हा शब्द महारोगापर्यंत कसा आला

अलेक्झांड्रियाच्या यहुदी लोकांनी इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात तोरा ग्रीकमध्ये नेली. त्साराअतसाठी त्यांनी ‘लेप्रा’ शब्द घेतला. ग्रीक वैद्यकात लेप्रा म्हणजे खवले, पापुद्रे निघणारा कातडीचा आजार. माझ्या त्या ओळखीच्या बाईंना जो होता तसला. निवड वाईट नव्हती. आज आपण ज्याला कुष्ठरोग म्हणतो त्याला ग्रीक वैद्य वेगळंच नाव देत, ‘एलेफंटियासिस’, हत्तीसारखी कातडी होते म्हणून.

घोळ पुढे झाला. मध्ययुगात अरबी वैद्यकाची पुस्तकं लॅटिनमध्ये गेली. अरबीत कुष्ठाला ‘जुझाम’ आणि पाय सुजण्याच्या आजाराला ‘हत्तीचा रोग’ म्हणत. हत्तीचं नाव पाय सुजण्याला गेलं, आपण आजही हत्तीरोग म्हणतो तसं, आणि रिकाम्या राहिलेल्या जुझामला लॅटिन भाषांतरकारांनी ‘लेप्रा’ देऊन टाकलं. झालं! शास्त्रातली लेप्रा आणि हातपाय झडवणारा आजार एकाच नावाखाली आले. त्यावरून इंग्रजी लेप्रसी, आणि मिशनरी मंडळींबरोबर तो अर्थ आपल्याकडे.

मराठीत शास्त्र आणण्याचं काम मोठं झालं आहे, ते नाकारत नाही. जॉन विल्सन यांनी 1832 साली मराठीतून हिब्रू व्याकरण छापलं, त्यावर आपले लोक शिकले. जोसेफ एझेकिएल राजपूरकर (1834-1905) यांनी आपल्या प्रार्थना मराठीत आणल्या. पंडिता रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि त्यांचं भाषांतर 1924 साली, त्यांच्या मागे, केडगावहून निघालं. पण संपूर्ण तनाख मराठीत घरी वाचायचं तर आपल्या हातात बहुधा बायबल सोसायटीचीच प्रत आली, आणि तिच्यात महारोग.

गंमत अशी की ‘महारोग’ हा शब्दसुद्धा मूळचा एका रोगाचा नाही. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात आठ महारोग दिले आहेत : वातव्याधी, मुतखडा, कुष्ठ, प्रमेह, उदर, भगंदर, मूळव्याध आणि ग्रहणी. त्या हिशेबाने हा लेख वाचणारे अर्धेअधिक महारोगी निघतील, मी धरून, कारण माझी साखर जास्त आहे. ‘कुष्ठ’ही पूर्वी मोठं कुटुंब होतं. आयुर्वेदात अठरा प्रकारची कुष्ठं आहेत, त्यात नायटा आणि खरूजही येते. म्हणजे कुष्ठ, लेप्रा, त्साराअत हे तिन्ही मुळात ऐसपैस शब्द होते. एकेक करून अरुंद झाले आणि तिन्हींवर एकच ओझं पडलं. आजच्या हिब्रूतसुद्धा त्साराअत म्हणजे हॅन्सनचा आजारच.

खेड्यात आणखी एक शब्द आहे, रक्तपिती. वैद्यांच्या पुस्तकात रक्तपित्त म्हणजे नाकातोंडातून रक्त जाण्याचा आजार. गावात रगतपिती म्हणजे कुष्ठ. आणि कोड? मराठीत कोड म्हणजे नुसते पांढरे डाग, ज्याने काही अपाय होत नाही, पण हिंदीत कोढ म्हणजे कुष्ठरोग. दोन्ही शब्द ‘कुष्ठ’मधूनच आले. उत्तरेकडून आलेल्या पेशंटला एका मोठ्या इस्पितळात नोंदणीच्या खिडकीवर “कोड है क्या?” म्हणून विचारलं आणि तो माणूस केसपेपर टाकून पळाला, हे मी पाहिलेलं आहे.

जपानी लोकांनी काय केलं

इथे एदोगावात निशी-कासाई भागात पुष्कळ भारतीय राहतात. 2019 साली योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ इथल्या वॉर्डाच्या सभेवर निवडून आले, म्हणजे आपली वस्ती किती आहे ते समजा. सिनेगॉग मात्र शहराच्या दुसऱ्या भागात, हिरोओला. माझ्या शेजारी एक निवृत्त जपानी नर्स राहतात, त्या ख्रिस्ती आहेत. नातू मध्ये बसून दुभाष्याचं काम करतो. त्यांच्याकडून मला कळलं की जपानी बायबलांत लेवीयचा हाच शब्द बदलला आहे.

का बदलला ते समजायला इथला इतिहास पाहिजे. जपानमध्ये 1907 पासून कुष्ठरोग्यांना वेगळं ठेवण्याचे कायदे होते, ते 1931 आणि 1953 साली आणखी घट्ट झाले. औषध आल्यावरही लोकांना जन्मभर आश्रमांत ठेवलं. कायदा रद्द झाला 1996 साली. मे 2001 मध्ये कुमामोतोच्या न्यायालयाने हे सगळं घटनेविरुद्ध होतं असा निकाल दिला आणि सरकारने अपील केलं नाही. टोकियोच्या पश्चिमेला हिगाशिमुरायामाला तामा झेन्शोएन हा आश्रम 1909 पासून आहे, त्याला लागून आता संग्रहालय आहे. मी तिथे जाऊन आले. माणसं पळून जाऊ नयेत म्हणून काटेरी हिरागीचं उंच कुंपण होतं. आत आल्यावर पुष्कळांनी नाव बदललं, म्हणजे घरच्यांची अब्रू जाऊ नये. तिथे अस्थी ठेवायची जागा आहे, कारण मेल्यावरही घरचे न्यायला येत नसत. मी तिथे बराच वेळ उभी होते.

या आजाराला जपानीत ‘राई’ म्हणत, तो शब्द आता कोणी तोंडावर बोलत नाही. बायबलमध्ये मात्र तो होता. एका भाषांतराने नव्वदच्या दशकात तो काढून ‘ओमोई हिफुब्यो’ म्हणजे ‘गंभीर त्वचारोग’ केलं. दुसऱ्याने 2003 साली सरळ हिब्रू शब्दच जपानी अक्षरांत ‘त्साराआतो’ असा ठेवला. 2018 साली निघालेल्या नव्या भाषांतरात ‘किते नो यामाई’ आहे, म्हणजे ‘नियमात सांगितलेला आजार’. तीन भाषांतरं, तीन वाटा. मला विचाराल तर पहिली वाट अर्धवट आहे. त्वचारोग म्हटलं की सोरायसिसवाली बाई पुन्हा कोपऱ्यात, आणि भिंतीला कसला त्वचारोग? तिसरी हुशारीची आहे, पण कोरडी. मला मधली पटते. शब्दाचा अर्थ हरवला असेल तर त्याच्या जागी दुसऱ्याचं दुखणं बसवू नये, शब्द आहे तसा ठेवावा.

आपल्याला तर ते सगळ्यात सोपं आहे. शब्बाथ, मेझुझा, मित्झवा, कद्दिश यांचं मराठी आपण कधी केलं नाही. घरी वाचताना महारोग दिसला की त्साराअत म्हणावं आणि महारोगी दिसला की मेत्सोरा. पेन्सिलीने समासात लिहून ठेवलं तर पुढच्या पिढीची सोय होईल. मी माझ्या प्रतीत तसं केलं आहे. नामानची गोष्ट, शोमरोनच्या वेशीपाशी बसलेले चार जण, राजा उझिया, मिर्याम, मोशेचा हात, इतक्या ठिकाणी तो येतो.

भारतातही कायदे उशिरा बदलले. 1898 चा कुष्ठरोग्यांचा कायदा 2016 साली रद्द झाला, आणि नवरा-बायकोला घटस्फोट द्यायचं कारण म्हणून कुष्ठरोग 2019 साली काढला गेला. वरोऱ्याला बाबा आमट्यांनी 1949 साली काढलेल्या संस्थेच्या नावात अजून ‘महारोगी’ आहे. तिथे तो शब्द मला खटकत नाही, कारण त्यांनी तो कवटाळण्यासाठी वापरला. आग्र्याचं जालमा केंद्र जपानी लोकांनी उभारलं आणि 1976 साली भारताकडे सोपवलं, हे इथल्या लोकांना सांगितलं की त्यांना बरं वाटतं.

जाता जाता नर्स म्हणून थोडं. सोरायसिस, कोड, नायटा, कुष्ठरोग हे चार वेगळे आजार आहेत, त्यातला नायटा चटकन लागतो, सोरायसिस आणि कोड अजिबात लागत नाहीत. कुष्ठरोग फार हळू लागतो, बहुतेक माणसांना तर होतच नाही, आणि औषध सुरू झाल्यावर त्या माणसापासून लागण्याची भीती लवकरच संपते. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल तर डोळे मिटून बसा आणि घरच्या कोणाला कापसाची वात करून चट्ट्यावर हलकेच टेकवायला सांगा, मग बाजूच्या चांगल्या कातडीवर. चट्ट्यावर कळलं नाही तर दवाखान्यात जा. गोळ्या सहा महिने किंवा वर्षभर घ्याव्या लागतात. लघवी लाल होते आणि कातडी थोडी काळवंडते, तेवढ्यानं घाबरून मध्येच सोडू नका. सरकारी दवाखान्यात त्या फुकट मिळतात.